चाकूरच्या पुढचा चढ

नेमणुकीचा कागद आला तेव्हा मी टँकरच्या रांगेत उभी होते. पोस्टमन मला शोधत रांगेपर्यंत आला. सही करायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी घागर दोन पायांत धरली आणि त्याच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. कनिष्ठ लिपिक, लातूर. पंधरा दिवसांच्या आत रुजू व्हावे. शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत हजर न झाल्यास नेमणूक रद्द समजून प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल. मी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि पुढच्या बाईला म्हणाले, "सरका की पुढं." आनंद करत बसले असते तर माझा नंबर गेला असता.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं येत होते, भाड्याच्या इमारतींवर नव्या पाट्या चढत होत्या आणि कार्यालयांना माणसं हवी होती. जिल्हा झाला तेव्हा आमच्या अहमदपुरातही चौकात पेढे वाटले होते. पेढा खाताना मी म्हटलं होतं, याचा आपल्याला काय उपयोग. उपयोग झाला, पण सत्तर किलोमीटर लांब.

पाऊस नीट न पडल्याचं ते दुसरं वर्ष होतं. टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा, कधी सकाळी, कधी भर दुपारी, आणि तो येईल तेव्हा घरात कुणीतरी धडधाकट माणूस असावंच लागायचं. आमच्या घरात माणसं चार. मी, माझे यजमान, दोन वर्षांची लेक आणि सासू. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. यजमान सायकलवरून खेड्यातल्या शाळेत शिकवायला जात. मी गावातल्याच एका बालवाडीत लहान पोरांना सांभाळत होते, लेकीलाही तिथंच घेऊन जात होते. बालवाडीत मिळायचं ते सांगण्यासारखं नव्हतं, पण ती घरापासून पाच मिनिटांवर होती आणि टँकरचा भोंगा तिथं ऐकू यायचा.

पहिला विचार लातूरला खोली घेण्याचा केला. यजमानांनी आणि मी सुट्टी काढून दोन दिवस लातूरच्या गल्ल्या तुडवल्या. नवा जिल्हा, नवे नोकरदार, खोल्यांना मोठी मागणी. तरी खोल्या होत्या. घरमालक दार उघडायचे, खोली दाखवायचे, भिंतीवरची खुंटीसुद्धा कशी पक्की आहे ते सांगायचे. मग गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की त्यांना एकदम दुष्काळ आठवायचा. "पाण्याची लई अडचण हाय हो, फॅमिली ठेवत न्हाई आम्ही." चौथ्या घरी मी म्हणाले, "आधी आडनाव विचारा ना, म्हणजे खुंटी बघायचे आमचे कष्ट वाचतील." यजमानांनी माझा दंड धरून मला रस्त्यावर आणलं. ते फार सोशिक आहेत. त्यांच्या सोशिकपणाचा मला त्या काळात फार राग यायचा.

खोली नाही म्हणजे अपडाऊन. म्हणजे नांदेडहून येणारी लातूरची गाडी सकाळी आठला अहमदपुरात धरायची, दहाला लातूरच्या स्टँडवर उतरायचं, पंधरा मिनिटं चालायचं आणि साडेदहाला हजेरीपटावर सही करायची. संध्याकाळी तेच उलटं. कागदावर हे सगळं छान बसत होतं. पण गावात अपडाऊन करणारे जे दोघे-तिघे होते ते सगळे वेगवेगळं सांगायचे. एक म्हणाला, गाडी घड्याळासारखी चालते. दुसरा म्हणाला, त्या गाडीच्या नादी लागू नका, मला दोनदा बिनपगारी करून ठेवलं तिनं. माझ्या कागदावर तर साफ लिहिलेलं होतं की नेमणूक तात्पुरती आहे, हजेरीत कसूर झाल्यास कोणतीही सूचना न देता सेवा संपुष्टात येईल. म्हणजे बालवाडी सोडायची, लातूर धरायचं आणि चार वेळा गाडी उशिरा पोचली की हेही नाही आणि तेही नाही.

"तू ठरव," यजमान म्हणाले.

"माझ्या एकटीचं आहे का हे?"

"नोकरी तुझी आहे."

मी भाकरी तव्यावर अशी आपटली की ती फाटली. आत्या चुलीजवळ लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाकरीवर कशाला राग काढून राहिलीस? मी बघून येते."

"काय बघून येता?"

"गाडी. सा दिस जाऊन येते. रोज हापिसाच्या दारापातूर. येळंवर पोचली तर जा, न्हाई पोचली तर बालवाडी हायच."

आत्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या रानात मजुरी करण्यात गेलं होतं. नव्या मालकाकडं कामाला जायच्या आधी त्या एक दिवस बांधावर जाऊन नुसत्या बसायच्या. मालक कसा बोलतो, पाणी प्यायला कुठं पाठवतो, सुट्टी कधी करतो, सगळं बघायचं आणि मग हो-नाही सांगायचं. त्यांच्या बरोबरीच्या सगळ्याच बायका तसं करत. नोकरीचंही तसंच, असं त्यांनी धरलं. मला हसू आलं, पण दुसरा कोणताही मार्ग दिसत नव्हता. मी यजमानांचं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं आणि शिकवलं, लहान काटा दहाच्या पुढं आणि मोठा काटा सहावर, तिथपर्यंत दारात पाहिजे. त्यांनी लेकीच्या पाटीवर खडूनं तसं घड्याळ काढायला लावलं आणि रात्रभर ती पाटी उशाशी ठेवली.

पहिल्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी दारातच विचारलं, "किती वाजता पोचली?"

"आज मला घड्याळ कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आजचा दिस धरू नको."

"काटा कुठं होता ते तर सांगा."

"कळलं न्हाई म्हनले न. उद्या नीट बघते."

दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळं सुरळीत. मोठा काटा पाचवर. मोठा काटा सहाच्या जरा अलीकडं. एकदा तर गाडी इतकी लवकर पोचली की कार्यालयाचं कुलूप उघडायच्या आधी आत्या पायरीवर बसल्या होत्या. लिंबाखाली बसून त्या दिवसभर माणसं बघत. रोज संध्याकाळी मला कार्यालयाची खबर मिळे. मोठे बाबू भले माणूस आहेत, पण कानानं जरा कमी. साहेबांना पान लागतं. एक बाई हाय, ती डबा कुणाबरोबर खात न्हाई, तिच्याजवळ तू बस. मी विचारायचे, "गाडी रस्त्यात कुठं रखडते का?" त्या म्हणायच्या, "चाकूरला धा मिनिटं थांबती. मग चढावरून नीट जाती."

याच आठवड्यात आमच्या घरचं पाणी चोरीला गेलं.

परसात आमचं एक लोखंडी पिंप होतं. त्याच्या आतल्या बाजूला मी रोज रात्री कोळशानं रेघ मारत असे आणि सकाळी ती रेघ बघत असे. त्या उन्हाळ्यात बहुतेक घरांत असं काहीतरी चालायचं. आत्यांच्या दुसऱ्या फेरीच्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या खाली बोटभर गेलेलं होतं. घरातल्या कुणी घेतलं नव्हतं. यजमानांना विचारलं, नाही म्हणाले. आत्या केव्हाच गाडीला गेल्या होत्या. आमचं परस आणि शेजारचं परस यांच्यामध्ये नुसतं काट्याचं कुंपण, तेही एका बाजूनं मोडलेलं.

शेजारी एक काकू राहत होत्या. कुणबी घर, खेड्यात बारा एकर जमीन, पण विहीर आटली तशी नवरा-बायको गावात खोली करून राहिले होते. बोलायला बऱ्या होत्या. पण दोन वर्षांत त्यांनी आमच्या घरी पाणी कधी घेतलं नव्हतं. चहा दिला तर "आत्ताच झाला" म्हणायच्या. मी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मोजून ठेवलं होतं. माझे वडील लहान असताना गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून ओतील तेव्हा पाणी मिळायचं, अर्धा अर्धा दिवस ओंजळ धरून बसायचं, हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की पाणी म्हटलं की माझं डोकं आधीच तापलेलं असायचं.

मी कुंपणाजवळ गेले. काकू पलीकडं भांडी घासत होत्या, राखेनं, पाण्याशिवाय.

"काकू," मी म्हणाले, "आमच्या घरचं पाणी तुम्हाला प्यायला चालत नाही. चोरायला चालतं का?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भांडणाच्या तयारीनं पदर खोचला होता, पुढची चार वाक्यं जिभेवर होती. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. आणि पुन्हा भांडी घासायला लागल्या.

मला तो 'बरं' फार झोंबला. मी बाजारातून कुलूप आणलं, लोहाराकडून पिंपाच्या झाकणाला कडी लावून घेतली आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकवली. संध्याकाळी आत्या आल्यावर मोठ्या ऐटीत त्यांना सगळं सांगितलं. त्या पिंपाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाहक बोललीस."

"नाहक कसं? मग पाणी काय पाखरांनी प्यायलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला निघताना त्या सरळ काकूंच्या दारात शिरल्या. मी मागून ओरडले, "आत्या, तिच्याकडं कशाला जाता?" त्या म्हणाल्या, "वाटंवर तर हाय." मग पुढचे तीन दिवसही तेच. माझ्या भांडणात माझी सासू पलीकडच्या बाजूला जाऊन बसली, म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. रेघ मात्र कुलूप लावल्यापासून जागची हलली नाही. म्हणजे चोर सापडला, असं मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल." त्यांच्या त्या 'असेल'चाही मला राग आला.

सहा दिवस झाले. पहिला दिवस सोडून पाचही दिवस गाडी वेळेवर. आत्यांनी पाटी पुसून टाकली आणि म्हणाल्या, "जा. टँकर आन् पोरगी मी बघते." चौदाव्या दिवशी मी बालवाडीत राजीनामा दिला. माझ्या जागी दुसऱ्याच दिवसापासून एक मुलगी येणार होती. पंधरा दिवसांतले चौदा आम्ही विचार करण्यात आणि बघून येण्यात घालवले, ही आमची अक्कल. रुजू व्हायला शेवटचा एकच दिवस उरला होता.

त्या दिवशी मी पावणेआठला स्टँडवर होते. गाडी आली, मी खिडकीतून दस्ती टाकून जागा धरली. मनगटाला यजमानांचं घड्याळ, फायलीत कागद, पिशवीत डबा, पाण्याचा फिरकीचा तांब्या. शाळेतल्या पोरीसारखं मी सारखं फायलीत हात घालून कागद आहे ना ते बघत होते. गाडीत चाळीसेक माणसं असतील. कंडक्टर तिकीट द्यायला आला, माझं लातूरचं तिकीट फाडलं आणि गाडीभर नजर फिरवली.

"आजी आली न्हाई का आज?"

मला वाटलं दुसऱ्या कुणाला विचारतोय. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

चाकूरला गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, कंडक्टर रिकामा डबा घेऊन हॉटेलांच्या रांगेकडं गेला आणि तसाच रिकामा डबा घेऊन परत आला. दोघं बोनेटजवळ काहीतरी बोलले. ड्रायव्हरनं हात झटकला आणि गाडी सुरू केली. चाकूरच्या पुढं रस्ता चढतो. फार मोठा चढ नाही, पण लांबच लांब आहे, आणि दोन्ही बाजूला नुसती काळी भेगाळलेली रानं. चढ अर्धा झाला असेल तोच बोनेटमधून वाफेचा फवारा उठला. पुढच्या बाया किंचाळल्या. गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

घड्याळात सव्वानऊ. मी स्वतःला सांगितलं, दहा मिनिटं लागतील.

सव्वानऊचे साडेनऊ झाले, साडेनऊचे दहा. ड्रायव्हर चाकाजवळ उकिडवा बसला होता. कंडक्टर डबा घेऊन रानातल्या एका शेडकडं चालत गेला होता, तो हात हलवत परत आला. मागून येणारी एक गाडी अशी भरलेली होती की ती थांबलीसुद्धा नाही. दोन ट्रक गेले, मी हात केला, एकानंही वेग कमी केला नाही. साडेदहा वाजले. बालवाडी गेली होती. लातूर अजून हातात आलं नव्हतं. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते आणि मनातल्या मनात आत्यांना बोलत होते, कसली गाडी बघून आलात हो तुम्ही, लिंबाखाली बसून पान खाणारे साहेब बघितले आणि ही गाडी नाही बघितली?

शेवटी मी कंडक्टरवर गेले. "रोज असंच होतं का?"

"पानी न्हाई बाई. रेडिएटर गळतो हिचा. नांदेडला गळ्यापातूर भरून घेतो, चाकूरपातूर जेमतेम पुरतंय. आन् या दिवसांत गाडीला पानी कोन देतंय? मान्सालाच न्हाई."

"मग गेला आठवडा कशी वेळेवर पोचत होती?"

"आजी घेऊन येत व्हती की."

"कोण आजी?"

"एक म्हातारी. मनगटाला मोठं घड्याळ. पहिल्या दिवशी हिथंच दीड तास बसली आमच्यासंगं, उन्हात. दुसऱ्या दिवसापासून पाच लिटरचा कॅन भरून आनू लागली. चाकूरला उतरून सोता ड्रायव्हरच्या हातात द्यायची. म्हनायची, वतू का? एकदा मी म्हनलं, आजी, प्यायचं पानी दिसतंय, इंजिनात कशाला घालता? तर म्हनली, माझी सून या गाडीनं नोकरीला जानार हाय, ही गाडी मला पास करायची हाय."

मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले. पिंपाची रेघ डोळ्यांसमोर आली, बोटभर खाली गेलेली. पाच लिटर. मी कुलूप लावल्यावरही पाच लिटर रोज गाडीत येत होते. आत्या रोज सकाळी काकूंच्या दारात शिरत होत्या.

मला त्या क्षणी आत्यांचा भयंकर राग आला, हे खरं सांगते. मला वेळेवर पोचणारी गाडी हवी होती, आणि त्यांनी पाणी घालून गाडी वेळेवर आणली होती. पहिल्या दिवसाचं घड्याळ सोडलं तर एकही शब्द त्या खोटा बोलल्या नव्हत्या. चाकूरला दहा मिनिटं थांबते, मग चढावरून नीट जाते. गाडी उशिरा जाते हे मला कळलं असतं तर मी नोकरी नाकारली असती, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. राग आला आणि त्याच्यापाठोपाठ इतकी लाज वाटली की मला उन्हाचं भान राहिलं नाही. काकूंचा तो 'बरं' कानात वाजत होता.

दहा पन्नास झाले.

मी गाडीत चढले, माझा फिरकीचा तांब्या घेतला, खाली आले आणि कंडक्टरच्या डब्यात उपडा केला. दिवसभराचं पाणी होतं ते. डब्याचा तळसुद्धा झाकला नाही. मग मी पुन्हा गाडीत चढले.

त्या उन्हाळ्यात पाण्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नव्हतं. प्रत्येकाच्या पायाशी काहीतरी होतं. तांब्या, बाटली, कळशी. आणि प्रत्येकजण ते पायानं आत सरकवत होता. मी दारात उभी राहून बोलले. काय बोलले ते आता नेमकं आठवत नाही, पण गोड बोलले नाही. मला गोड बोलता येत नाही. म्हणाले की बारा वाजता माझी नोकरी दुसऱ्याला जाणार आहे. म्हणाले की तुम्ही पाणी जपून इथं बसून राहिलात तर दुपारपर्यंत तेही संपेल आणि गाडीही हलणार नाही. म्हणाले की माझ्या सासूचं पाणी गेले पाच दिवस या गाडीत गेलेलं आहे, तुमच्यातल्या कितीजणांनी त्याच्यावर लातूर गाठलं ते सांगा.

कुणी हललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठला, पटका बांधलेला, आणि आपली बाटली घेऊन खाली उतरला. त्याच्या मागून एक मास्तर. मग दोन बाया. काहीजण खिडकीबाहेर बघत राहिले, त्यांना मी काही बोलले नाही. एका पोरसवद्या बाईच्या मांडीवर तान्हं बाळ होतं, ती बाटली पुढं करू लागली तेव्हा मी तिचा हात मागं सारला. ड्रायव्हरनं फडकं धरून झाकण उघडलं. पाणी सगळं एकाच डब्यात मिसळलेलं होतं, कुणाचं कुठलं हे कुणालाही सांगता आलं नसतं आणि कुणी विचारलंही नाही.

गाडी सुटली तेव्हा अकरा वाजले होते.

लातूरच्या वेशीत शिरलो तेव्हा अकरा अडतीस. स्टँडपर्यंत जाऊन पंधरा मिनिटं चालण्याइतका वेळ नव्हता. कंडक्टरनं मला न विचारताच चौकात घंटी मारली. "उतरा बाई, हिथून जवळ हाय. आजी हिथंच उतरायची." मी पळत सुटले. चप्पलचा अंगठा तुटला, मी चप्पल हातात घेतली. लिंबाचं झाड दिसलं, पायऱ्या दिसल्या. आत मोठे बाबू कागदावर वाकलेले होते आणि समोरच्या बाकावर एक माणूस बसला होता, तिशीतला, मांडीवर माझ्यासारखीच फाइल. भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती.

मी नाव सांगितलं. मोठ्या बाबूंना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडून सांगितलं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्या हातातल्या चपलेकडं बघितलं आणि हजेरीपट पुढं सरकवला.

बाकावरचा माणूस उठला. तो यादीतला पुढचा उमेदवार, उदगीरहून पहाटे निघून आला होता. मला म्हणाला, "अहमदपूर न? रोज येनार?"

"हो."

"जमंल?"

मी हजेरीपट जवळ ओढला. तो फाइल काखेत धरून पायऱ्या उतरून गेला. त्याच्यासाठी मला वाईट वाटलं आणि मी सही केली, दोन्ही एकाच वेळी.

पहिला दिवस म्हणून चारलाच सोडलं. साडेसहाला मी घरी पोचले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. आत्या दारात लेकीला घेऊन उभ्या होत्या. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

"उशीर झाला? सकाळी कॅन घेऊन स्टँडवर आले, तवर गाडी सुटली व्हती."

"सही झाली," मी म्हणाले. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

"नाही."

"मंग."

"आणि काकूंना काय सांगितलंत? मी त्यांना चोर म्हणाले होते."

आत्या लेकीचं झबलं नीट करत राहिल्या. "त्याच सांजेला गेले. म्हनले, पानी मीच घेतलंय, सुनंला ठाव न्हाई. कुलूप लावलंय, आता माझ्याकडं पानी न्हाई. ती म्हनली, रोज कॅन भरून ठिवते, घेऊन जा. म्हनली, तुझ्या सुनंचं तोंड लई वंगाळ हाय. असलं तोंड हापिसातच पाहिजे."

मी परसात गेले. पोतीतून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. मग मोडक्या कुंपणातून पलीकडं गेले. काकू चुलीसमोर होत्या. मी काय बोलायचं ते गाडीत दोन तास ठरवत आले होते, त्यातलं काही तोंडून बाहेर येईना. माझं सगळं बोलणं भांडायला उपयोगी पडतं. मी किल्ली त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. म्हणजे मला म्हणायचं होतं, पिंप उघडं आहे, हवं तेव्हा घ्या, आणि बाकीही बरंच काही.

काकूंनी किल्लीकडं बघितलं. उचलली नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात लुगड्याला पुसले आणि दाराच्या मागं हात घालून कॅन बाहेर काढला. काठोकाठ भरलेला, बूच घट्ट लावलेलं.

"उद्याचा हाय," त्या म्हणाल्या. "आठची गाडी न तुझी?"

मी मान हलवली. मग तिथंच बसले आणि त्यांच्याकडं प्यायला पाणी मागितलं. सकाळपासून मी घोटभरही प्यायले नव्हते. त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं दिलं. मी पिऊन झाल्यावर त्यांनी तोच तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायल्या.